पाखऱ्याचं दावं

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी या घरात पहिली आंघोळ बैलाची. माणसांनी मागून करायची. बाळकुमला शेतं होती, मिठागरं होती, दावणीला जनावरं मावत नव्हती, तेव्हाची ही रीत. आता शेतांवर टॉवर उभे होते आणि गोठ्यात एकटा पाखऱ्या उरला होता, तरी पंढरीबाबांनी रीत सोडली नव्हती. घरातले त्यांच्या हट्टाला मनातल्या मनात नावं ठेवत आणि तोंडावर ‘बरोबर आहे बाबा’ म्हणत. टॉवरवाले मात्र मनापासून खूश असत. बाल्कनीत चहा पिता पिता त्यांना फुकटचा कार्यक्रम बघायला मिळे.

कल्पिता पाखऱ्याच्या पाठीवर कोमट पाणी ओतत होती. उत्तरा, तिची आठ वर्षांची लेक, बादलीवर बसून बैलाच्या तोंडाकडे बघत होती.

“मम्मी, माणसांना चष्मा लावतात ना, तसा बैलाला नाही लावत?”

“नाही.”

“का?”

“कानावर राहायचा नाही म्हणून. आणि हळू बोल.”

गणपतीच्या सुमारास पाखऱ्याच्या डोळ्यांत पांढरं दिसू लागलं होतं. नवरात्र संपेपर्यंत दोन्ही डोळ्यांवर साय धरली. कल्पिताने मोबाइलवर फोटो पाठवून जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, वय झालं, आता जे आहे ते आहे. तेव्हापासून ही गोष्ट गोठ्यातच राहिली होती. बैल तिच्याशिवाय आणि उत्तराशिवाय कुणाला जवळ येऊच देत नव्हता, तेव्हा कुणाला कळणार?

न सांगायला कारणही तसंच होतं. नयन, तिचा नवरा, दोन वर्षांपूर्वी हायवेवर डंपरखाली गेला. त्याचं तेरावं झालं त्या दिवशी देवेशने, धाकट्या दिराने, गोठा पाडायची गोष्ट काढली होती. तिचे सासरे पंढरीबाबा तेव्हा ओट्यावरून उठून म्हणाले होते, “पाखऱ्या माज्या नयनचा हाय. जवर तो पारव्याला विस्तव उरतंय तवर गोठा हलनार नाय. ज्या पारव्याला नाय उरला, त्या दिसाला गोठा तुजा. मी तोंड उघडनार नाय.” बाबांचा शब्द म्हणजे शब्द. पाडव्याला पेंढा पेटवायचा आणि त्यावरून जनावर उडवायचं, की वर्षभराची रोगराई त्या विस्तवात जळते, अशी या लोकांची समजूत. ती समजूत आता कल्पिताच्या गळ्यात अडकली होती. पाखऱ्या होता म्हणून तिला या घरात काम होतं, गोठ्यालगतची खोली होती, आणि तिला ‘जा’ म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. तिला स्वतःसाठी काही नको होतं. पोरीने बापाच्या घरात वाढावं, तिला कुणी पाहुणी म्हणू नये, एवढंच तिला हवं होतं.

म्हणून दसऱ्यापासून मायलेकी रोज पहाटे गोठ्यामागे पेंढ्याची ओळ घालत. उत्तरा बैलाला कासऱ्याने धरून आणी आणि कल्पिता पलीकडून नयनची हाळी घाली. “हुर्रऽऽ रं पाखऱ्या! हुर्रऽऽ!” आंबिवलीच्या शर्यतीत छकड्यावर उभा राहून नयन अशीच हाळी घालायचा. पाखऱ्या कान ताठ करून आवाजाकडे धावे आणि ‘उड!’ म्हटलं की उडे. पहिल्या दिवशी आपल्या तोंडून ती हाळी निघाली तेव्हा कल्पिताला रडू कोसळलं होतं. वर्तकनगरच्या कॉलनीत वाढलेली बाई ती, कोकणातल्या कारकुनाची मुलगी. लग्नाआधी तिने बैल पाहिला तो कॅलेंडरवर.

“वहिनी, गेरू आणलाय.”

दर्शना आत आली तशी कल्पिता दचकली. दर्शना तिची नणंद, आंबिवलीला दिलेली. नयनची ही लाडकी बहीण, त्याला ‘दादूस’ म्हणणारी, आणि या घरात कल्पिताशी मनातलं बोलणारं एकमेव माणूस. दिवाळीला नवऱ्याबरोबर आली होती. वाटीचा काठ गेरूत बुडवून ती पाखऱ्याच्या अंगावर गोल ठसे उठवू लागली. उत्तराने वेसण धरून ठेवली होती म्हणून बैल उभा राहिला. दर्शनाने कपाळावर ठसा द्यायला वाटी डोळ्यांसमोरून नेली, परत आणली, आणि तिचा हात तिथेच थांबला.

“वहिनी, हा बघत नाहीये.”

कल्पिताने गोठ्याच्या दाराकडे पाहिलं.

“अगं, ह्याला दिसत नाहीये!”

“ओरडू नको, दर्शना. पाया पडते तुझ्या.”

“आणि आज विस्तव? कसा उडेल हा?”

“माझ्या आवाजावर. मी समोरून हाळी घालते, तो बरोबर उडतो. रोज उडतो. फक्त आजचा दिवस जाऊ दे. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी.”

दर्शनाचे डोळे भरून आले. तिने बैलाच्या मानेवर गाल टेकवला आणि म्हणाली, “दादूसची शपथ, मी कुणाला नाही बोलणार.” कल्पिताला एवढं हलकं वाटलं, की तिने कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

ओट्यावर चहा-फराळ चालू होता. कल्पिता पाण्याची कळशी घेऊन गेली तेव्हा देवेशची नेहमीची टेप लागलेली होती. देवेश वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त रिकामी जागा बघवत नसे.

“दर्शना, तू तरी सांग ना बाबांना. एका बैलासाठी अख्खी रोडटच जागा अडकवून ठेवलेय. तिथे दोन गाळे आरामात निघतात. एक तुझा. खोटं नाही बोलत. धनेशरावांचं काम सुटलंय, ते बसतील गाळ्यावर. काय धनेशराव?”

धनेश, दर्शनाचा नवरा, मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, “तुमच्या घरचा मामला आहे, मी काय बोलणार?”

“मला नको तुझा गाळा,” दर्शना म्हणाली. पण ती म्हणताना आधी नवऱ्याकडे बघत होती आणि मग जमिनीकडे. कल्पिताने ते पाहिलं, आणि पाहूनही मनावर घेतलं नाही.

“गो कल्पिता, ओवालनीचं ताट करलंस का?” आतून सगुणाबाईंनी, सासूबाईंनी, हाक मारली. त्यांनी सुनेला कधी उपाशी ठेवलं नव्हतं आणि कधी जवळही घेतलं नव्हतं. नयन गेल्यापासून त्या तिच्याशी कामापुरतं बोलत. त्याही गोठ्याकडे फिरकत नसत. तिथे पोराचा वास येतो, म्हणायच्या.

पाखऱ्याला सजवून अंगणात आणलं तेव्हा टॉवरच्या बाल्कन्या भरल्या होत्या. शिंगांना गोंडे, पायात घुंगरू, पाठीवर आरशांची नवी झूल. झूल देवेशने ऑनलाइन मागवली होती, चकचकीत नायलॉनची. जुनी सुती झूल उंदरांनी खाल्ली होती. पेंढ्याची ओळ घातली गेली. पंढरीबाबा धुतलेलं धोतर नेसून काडेपेटी घेऊन उभे होते आणि पोरासारखे हसत होते.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी ताशा वाजला. बेंजोवाली पोरं आत शिरली. दोन मोठे स्पीकर भिंतीला लावले गेले.

“हे कुणी बोलावलं?” कल्पिताने जावेला, रुपालीला, विचारलं.

“दर्शनाताईंनी सांगितलं ना ह्यांना,” रुपाली म्हणाली. “नयनदादा असताना बेंजो असायचा म्हणे. पोरं आपल्या आळीतलीच, लगेच आली. मस्त ना?”

कल्पिताने दर्शनाला शोधलं. ती तुळशीपाशी पाठ करून उभी होती. उदबत्ती पेटलेली असताना पुन्हा पेटवत होती. नयन असताना बेंजो विस्तव विझल्यावर वाजायचा, बैल उडताना कधीच नाही. हे शर्यतवाल्याच्या बहिणीला माहीत नाही?

ती धावत सासऱ्यांपाशी गेली. “बाबा, वाजवणं नको आज. हे नाहीत, आणि आपण…”

“वाजूंदे गो,” पंढरीबाबा म्हणाले. त्यांचे डोळे पाणावले होते. “दोन वर्सं झाली, घरात वाजलं नाय काय. माज्या पोराला आवरायचा बेंजो.”

तेव्हाच सांगायला हवं होतं. बाबा, बैल आंधळा आहे, एवढे चार शब्द. ते तोंडाशी आलेही. पण ओट्यावर देवेश उभा होता, गोठ्याच्या कौलांकडे बघत होता, आणि उत्तरा कासरा धरून आईकडे बघत होती. मी त्यांच्यापेक्षा मोठ्याने ओरडेन, असं कल्पिताने ठरवलं. आपल्या या मूर्खपणाची तिला पुढे जन्मभर चीड येत राहिली.

पेंढा पेटला. ज्वाळा कमरेएवढ्या उठल्या. उत्तराने बैलाला ओळीसमोर आणलं आणि शिकवल्याप्रमाणे कासरा सोडून बाजूला झाली.

“हुर्रऽऽ रं पाखऱ्या! हुर्रऽऽ!”

तिचा आवाज तिला स्वतःलाही ऐकू आला नाही. ताशा कडाडत होता, स्पीकर थरथरत होते, वरून शिट्ट्या येत होत्या. पाखऱ्याचे कान गरागरा फिरू लागले, स्पीकरकडे, ताशाकडे, परत स्पीकरकडे. तो आवाज शोधत होता. कल्पिता घसा फाडून ओरडत होती. मग कुणीतरी मागून त्याच्या पुठ्ठ्यावर थाप मारली आणि तो निघाला.

आठ-दहा पाडवे त्याने हा विस्तव उडवला होता. धग लागताच त्याने पाय उचललेही. पण ‘उड’ त्याला ऐकू आलं नाही, तेव्हा तो आगीच्या मधोमध उतरला आणि उभा राहिला. जनावर आगीत थांबत नाही. हा थांबला, कारण आग कुठे संपते ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बाल्कन्यांतून टाळ्या पडल्या. झुलीने पेट घेतला तेव्हा त्या थांबल्या.

कल्पिता पेंढ्यात घुसली. झूल वितळून बैलाच्या कातडीला चिकटत होती. तिने दोन्ही हातांनी ती ओढली, आणि ती तळहातांना चिकटून आली. मग पाखऱ्याच्या कानाला तोंड लावून ती म्हणाली, “हुर्र रं… चल. चल माझ्या राजा.” तो तिच्या खांद्याला खांदा लावून शहाण्यासारखा बाहेर आला. बेंजो थांबला. ताशेवाल्या पोराचं लक्ष नव्हतं, तो जरा वेळ एकटाच वाजवत राहिला.

पंढरीबाबा पुढे आले. बैलाच्या डोळ्यांसमोर त्यांनी हात हलवला. पुन्हा हलवला.

“कवापासून?”

“गणपतीपासून.”

“मना नाय सांगलंस.”

“सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं, बाबा?”

पंढरीबाबांनी बैलाच्या पाठीवरची सोललेली कातडी पाहिली. मग देवेशकडे न बघता म्हणाले, “मी शब्द देलाय. गोठा तुजा.” आणि आत जाऊन त्यांनी दार लोटून घेतलं.

कल्पिताला दवाखान्यात देवेशनेच नेलं. गाडी चालवताना तो रडत होता. “वहिनी, आईशप्पथ, मला माहीत नव्हतं तो आंधळा आहे. दर्शना बोलली बेंजो बोलव, मी बोलवला. मला वाटलं दादूसच्या आठवणीने बोलतेय.”

“मग बाबांना सांग, गोठा नको म्हणून.”

देवेशने नाक पुसलं. सिग्नल सुटला तरी तो थोडा वेळ थांबूनच राहिला. “आता बाबांनी शब्द दिलाय ना,” तो म्हणाला. “आणि आंधळा बैल ठेवून त्याचे हालच ना, वहिनी? मी चांगली गोशाळा बघतो. उद्याच टेंपो मिळेल.” रडतही होता आणि टेंपोचंही बघत होता. दोन्ही खरं होतं.

संध्याकाळी दर्शना ताट घेऊन खोलीत आली. कल्पिताच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत पट्ट्या होत्या. दर्शनाने भाताचा घास तिच्या तोंडापुढे धरला.

“मला वाटलं, तो नुसता अडेल,” ती म्हणाली. “आगीत जाईल असं देवाशप्पथ वाटलं नव्हतं. वहिनी, धनेश दिवसभर घरात बसून असतो गं. पोरांवर हात टाकतो. मला तो गाळा हवा होता. काहीतरी बोल ना. शिव्या दे.”

कल्पिताने घास खाल्ला. मग दुसरा खाल्ला. तिला दर्शनाचं तोंड बघवत नव्हतं, पण तिला भूक लागली होती आणि हात नव्हते.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. टेंपो सकाळीच येऊन उभा राहिला. फळी लावली, पण पाखऱ्या फळीवर पाय ठेवेना. दोघं माणसं ओढून दमली. देवेश खाली मान घालून कल्पितासमोर उभा राहिला. त्याला काय हवंय ते तिला कळलं. त्याला ते बोलायची लाज वाटतेय, हेही कळलं, आणि त्या लाजेचा काही उपयोग नाही हेही.

ती टेंपोच्या केबिनजवळ, बैलाच्या समोर जाऊन उभी राहिली. “हुर्रऽऽ रं पाखऱ्या,” ती हळूच म्हणाली.

कान ताठ करून पाखऱ्या सरळ फळी चढला. त्याला वाटलं असेल, रोजच्यासारखं उडायचं आहे. भाजलेल्या पाठीवर हळद फासलेली होती आणि तिच्यावर माश्या बसत होत्या.

“दावं!” सगुणाबाई ओट्यावरून ओरडल्या. “गो, दावं ऱ्हायलं त्याचे गल्यात!”

सगळे एकदम भानावर आले. जनावर घरातून गेलं तरी त्याचं दावं जाऊ द्यायचं नाही. दावं गेलं की घराची लक्ष्मी त्याच्या मागे जाते. आंधळ्या बैलाला घालवायला कुणाचं मन कचरलं नव्हतं, पण दाव्याच्या नावाने सगळ्यांच्या काळजात धस्स झालं. देवेश टेंपोत चढायला गेला, तर पाखऱ्याने शिंग उगारलं. कल्पिताने नुसते पट्ट्यांचे हात दाखवले.

शेवटी उत्तरा चढली. तिच्या इवल्या बोटांना गाठ सुटता सुटेना. पाखऱ्या तिच्यासाठी मान खाली घालून उभा राहिला. ती त्याच्या कानात काहीतरी पुटपुटत होती, ते कुणाला ऐकू आलं नाही. दावं घेऊन ती उतरली तेव्हा सगुणाबाईंनी ते पदरात घेतलं, कपाळाला लावलं आणि देवेशला दिलं. “देवाचे खुंटीला लाव.”

मग त्या कल्पिताकडे वळल्या. आवाजात राग नव्हता. “तुजे बापाला फोन करलाय. रिक्षा सांगलेय देवेशनी. हात बरे होवस्तवर वर्तकनगरला ऱ्हा. हितं तुजं करनार कोन?”

“आणि नंतर?”

“नंतरचं नंतर बगू.”

“उत्तराचे कपडे भरायला कुणीतरी मदत करा. मला जमणार नाही.”

“पोर हितंच ऱ्हाईल,” सगुणाबाई म्हणाल्या. “आमचे घरची हाय ती.” आणि त्यांनी उत्तराचं मनगट धरलं.

कल्पिता त्या हाताकडे बघत राहिली. दाव्याचे दोन-चार तंतू अजून त्यांच्या बोटांना चिकटलेले होते. दोन वर्षं ती हेच तर मागत होती, पोरीने बापाच्या घरात वाढावं. आता ते मिळालं होतं. जनावर गेलं तरी चालेल, दावं घरात राहिलं पाहिजे. तिच्या अंगाचा तिळपापड झाला आणि त्याच क्षणी ती आतून पार मोडून गेली.

“बाबा,” ती म्हणाली.

पंढरीबाबा ओट्याच्या टोकाला बसून रिकाम्या गोठ्याकडे बघत होते. त्यांनी मान वळवली नाही.

“आई, अगं असं काय…” देवेश म्हणाला, पण रुपालीने त्याच्याकडे बघितलं आणि तो गप्प झाला. दर्शना दारात होती. ती आत सरकली. टेंपोवाल्याने फळी काढून मागचा दरवाजा लावला आणि इंजिन चालू केलं.

ओढून घ्यायला कल्पिताला हात नव्हते. ती पाठ फिरवून चालू लागली. मागून उत्तराने एकदा “मम्मी” म्हटलं, फार मोठ्याने नाही. फाटकाशी रिक्षा उभी होती. तिथे पोचल्यावर कल्पिता वळली. आज बेंजो नव्हता, फटाके नव्हते, बाल्कन्या रिकाम्या होत्या. तिने छाती भरून श्वास घेतला.

“हुर्रऽऽ! हुर्रऽऽ रं! उड!”

उत्तराने मनगटाला असा हिसडा दिला की सगुणाबाई ओट्याच्या पायरीवर बसल्याच. पोरगी अंगणातून धावत सुटली. कालच्या पेंढ्याच्या काळ्या राखेवरून तिने उडी घेतली आणि ती येऊन आईच्या कमरेला बिलगली. कल्पिताने पट्ट्यांचे दोन्ही हात वर धरले आणि कोपरांनी तिला घट्ट आवळलं.

हाळी टेंपोतही पोचली होती. पाखऱ्या जागच्या जागी वळला आणि आवाजाकडे निघाला. दरवाज्यावर शिंगं धडकली. तो मागे सरला आणि पुन्हा निघाला. टेंपो फाटकातून बाहेर पडला, टॉवरच्या कडेने मोठ्या रस्त्याला लागला, आणि दिसेनासा झाल्यावरही दरवाजा वाजत असलेला दोघींना ऐकू येत राहिला.